आमच्या जीपचं इंजिन, तिचं डिफरन्शियल आणि सरकारदरबारचा ‘मूळ’पणा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण दुसरबीड, किनगाव राजा, बिबी, मेहकर या पट्ट्यातल्या ज्यांच्या घरी कधीकाळी जीपगाडी होती, त्यांनी जरूर वाचा.

झालं असं, की दिवाळीत आमच्याकडं पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. गोठ्याला लागून जे पत्र्याचं शेड आहे, त्यात आबांची जीप उभी आहे. १९६६ सालची. त्यांनी बॉनेट उघडलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, “गाडी चांगली आहे हो, पण इंजिन ओरिजिनल नाही. मागचा एक्सलही कोणीतरी खोललेला दिसतोय. तरी मी घेतो. पेट्रोल इंजिन शोधून बसवीन, मागचे जुने दातेही परत बसवीन आणि व्हिंटेजचा नंबर काढीन.”

किंमत बरी सांगितली. चुलतभाऊ लगेच तयार झाला. मी म्हटलं, जरा थांबा. “कोणीतरी खोललेला” हे वाक्य मला लागलं. तो कोणीतरी म्हणजे माझा काका आणि जालन्याचे एक मिस्त्री. आणि त्यांनी ते हौसेनं केलं नव्हतं.

आता थोडा मागचा इतिहास. जीप ही अमेरिकेतल्या टोलेडो गावची. विलीज कंपनीनं १९४१ ते ४५ या काळात लढाईसाठी लाखोंनी काढली. आपल्याकडं १९४५ साली लुधियान्यात महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी काढली, ती मूळ पोलादाच्या व्यापाराची. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं १९४८ साली कंपनीच्या नावातलं ‘मोहम्मद’ जाऊन दुसरं ‘महिंद्रा’ आलं. आणि मुंबईत माझगावला विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात झाली. म्हणजे जिला आपण देशी गाडी म्हणतो, ती सुरुवातीला पेट्यांतून आलेली आणि इथं नटबोल्ट आवळलेली गाडी. मूळपणाची चर्चा करायची तर इथूनच करावी लागेल.

पुढं जे मॉडेल आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे, उंच बॉनेटचं, ते सीजे-३बी. बॉनेट उंच का? तर आतलं ‘हरिकेन’ इंजिन उंच होतं म्हणून. सव्वादोन लिटरच्या आसपासचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ४,००० फेऱ्यांना सुमारे ७५ अश्वशक्ती. गिअर तीन. आणि मागच्या एक्सलमध्ये क्राऊन-पिनियन ५.३८ चा. म्हणजे मोठ्या चक्राला ४३ दाते, लहानाला ८. मधला दांडा साडेपाच वेळा फिरावा तेव्हा चाक एकदा फिरणार. गाडी पळणार कमी, ओढणार जास्त. कारण ती पळण्यासाठी बनवलीच नव्हती, चिखलातून आणि नाल्यातून जाण्यासाठी बनवली होती.

आणि आमच्या भागात तेव्हा होतं काय? चिखल आणि नालेच. काळ्या मातीचा पावसाळा ज्यांनी पाह्यला आहे त्यांना सांगायला नको. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि खेड्यापाड्यात सरकार पहिल्यांदा चाकांवर बसून आलं. ते जीपमधून आलं. बीडीओसाहेबांची जीप, हिवतापाच्या फवारणीवाल्यांची जीप, लसीकरणाची जीप. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजेरीपट तपासायला साहेब यायचे ते जीपमधूनच. आमची आजी सांगायची, लांबून धूळ दिसली की मुकादम ओरडायचा, “जीप आली, जीप आली!” आणि बसलेली माणसं उठून घमेली उचलायची. आमच्या भागात ‘जीप’ हे बराच काळ सरकारचंच दुसरं नाव होतं.

आमची ही गाडीसुद्धा सरकारी. १९७९ साली एका खात्याच्या लिलावात आबांनी घेतली. त्या वेळी पंचक्रोशीत चर्चा झाली, की यांना काय सायबाचा सोस लागला का. सोस बिस काही नव्हता. आबांचं म्हणणं साधं होतं, बाळंतीण अडली तर बैलगाडीत मेहकर गाठेपर्यंत काय होतं ते त्यांनी घरात पाह्यलं होतं. यापुढं मी लिहीत नाही.

पण गाडी घरी आली आणि परवडेना. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव जे वर गेले ते खाली आलेच नाहीत. सरकारी गाडीत पेट्रोल सरकार टाकतं, लिलाव झाला की ते बंद. चिखलात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती गाडी पेट्रोल अक्षरशः प्यायची. वर्षभरात ती फक्त लग्नाला आणि दवाखान्याला निघू लागली. देशभरात हजारो जीपांचं हेच झालं असणार. सरकारनं वापरल्या, लिलावात काढल्या, घेणाऱ्याला पोसवेनात.

उत्तर मिळालं ते ट्रॅक्टरमधून. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगला माहीत आहे. त्याचं डिझेल इंजिन १४४ घनइंचाचं, म्हणजे साधारण २,३५० सीसी. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याच घराण्याचं इंजिन कंपनीनं जीपमध्ये घातलं आणि त्याला नाव दिलं एमडी-२३५०. पुढं फ्रान्सच्या प्यूजोचं इंजिन परवान्यावर घेऊन इगतपुरीला बनवलं, ते हलकं आणि जास्त पळणारं. पण ती नंतरची गोष्ट. जीपला गावात टिकवलं ते ट्रॅक्टरच्या इंजिनानं, हे माझं मत. नांगरटीचं काळीज साहेबाच्या गाडीत बसलं तेव्हा ती गाडी शेतकऱ्याची झाली.

काकानं १९८३ साली एका उलटलेल्या डिझेल जीपचं इंजिन मिळवलं. जालन्याच्या मिस्त्रीकडं गाडी महिनाभर पडून होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा, सुट्टीत काकासोबत जाऊन बसायचो. एवढं आठवतं, की जुनं इंजिन साखळीनं वर उचललं तेव्हा पुढचे पाटे सुटल्यासारखे वर आले. आणि नवं खाली ठेवलं तेव्हा गाडीनं मान टाकली. डिझेल इंजिन वजनाला जड. मग पाट्यात एक पान वाढवलं, चॅसिसवर नवे पाय वेल्डिंग केले, मोठी बॅटरी बसवली, सायलेन्सरची नळी वळवली. पेट्रोलच्या टाकीतून डिझेलची लाइन काढली, परतीची नळी वेगळी. पहिल्यांदा चालू केली तर चालूच होईना. मिस्त्री म्हणाले, “लाइनीनं हवा धरली. हवा काढ.” नट ढिला करून हातपंप मारत बसले, फेसाळ डिझेल येत होतं ते हळूहळू निव्वळ आलं. आणि मग जो आवाज आला, तो जीपचा नव्हता. ट्रॅक्टरचा होता. गावात शिरलो तेव्हा लोक ट्रॅक्टर समजून वळून पाहत होते.

एक महत्त्वाची गोष्ट. हे सगळं कायद्यानं झालं. तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा होता. त्यात गाडीत बदल करायचा तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि मंजुरी घ्यायची, अशी सोय होती. आबा स्वतः जाऊन आले. आमच्या आरसी बुकावर जुना इंजिन नंबर खोडून नवा लिहिला आहे, इंधनापुढं ‘डिझेल’ आहे, खाली सही आणि गोल शिक्का. शाई फिकट झाली आहे पण वाचता येते.

आता डिफरन्शियलकडं येतो, कारण माझ्या मते खरा इतिहास तिथं आहे.

इंजिन बदलल्यावर गाडी ओढायला वाघ झाली, पण पळेना. हिशेब असा. जीपचं चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांपर्यंत जायचं, म्हणजे ५.३८ च्या दात्यांवर कागदावर तरी ताशी ९८ किलोमीटर. डिझेल इंजिनाचे फेरे कमी. हिशेबाला २,५०० धरा. त्याच दात्यांवर भरतात ताशी ६१. तेही इंजिन बोंबलत असताना. काका म्हणायचा, बैल बदलला पण जू घोड्याचंच राहिलं.

१९६६ साली याचं कोणाला काही वाटलं नसतं, कारण ६१ नं जायला रस्ताच नव्हता. पण ऐंशीच्या दशकात जालना–मेहकर रस्ता डांबरी आणि पळवण्याजोगा झाला होता. दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखान्याची वर्दळ होती, सभासदांच्या बैठका, ऊसतोडीचे हिशेब, निवडणुका. एसटी होती, पण ती तिच्या वेळेला. लोक रस्त्यावर हात दाखवत उभे असायचे आणि काकानं त्यांना बसवायला सुरुवात केली. सैलानीच्या यात्रेला, जिजाऊ जयंतीला १२ जानेवारीला सिंदखेडराजाला, आठवडी बाजाराला. परवाना नव्हता. हे मी लपवत नाही. काळी-पिवळी नावाची जी पुढची सगळी दुनिया उभी राहिली, तिची सुरुवात अशा बिनपरवाना जीपांनीच झाली. आता त्याला अवैध वाहतूक म्हणा, की एसटी न पोचलेल्या गावांची सोय म्हणा. दोन्ही खरं आहे.

तर १९८६ साली काकानं मागचा एक्सल खोलला. त्याच मिस्त्रीकडून. ४३ आणि ८ चे दाते काढून ४१ आणि १० चे बसवले. म्हणजे ५.३८ चं झालं ४.१. त्याच २,५०० फेऱ्यांवर ताशी ६१ ऐवजी ८०.

हे काम इंजिनापेक्षा नाजूक. इंजिन बसवताना ताकद लागते, इथं कान आणि बोटं लागतात. पिनियन किती आत बसावा हे पातळ पत्र्या घालून ठरवायचं. दात्याला दाता किती सैल लागतो ते हातानं हलवून बघायचं. मिस्त्री दात्यांवर शेंदूर तेलात कालवून लावायचे आणि चक्र फिरवून बघायचे, की घासल्याची खूण दात्याच्या मध्यावर पडते का टोकाला. टोकाला पडली तर पुन्हा खोल, पत्री काढ, पुन्हा बसव. पहिल्या खेपेला चाळीसच्या वर मागून कोल्हेकुई सुरू झाली. परत खोललं. दुसऱ्यांदा गप्प बसली, ती आजपर्यंत गप्प आहे.

पण यात दोन भानगडी झाल्या आणि त्या सांगितल्याच पाहिजेत.

पहिली. जीपला चारही चाकांची ओढ होती. पुढच्या एक्सलमध्येही ५.३८ चेच दाते. मागे ४.१ आणि पुढे ५.३८ असताना जर चारही चाकं जोडली, तर पुढची एका गतीनं जाऊ पाहणार, मागची दुसऱ्या. कुठंतरी काहीतरी तुटणार. पुढच्याला जुळणारा सेट मिळाला नाही, मिळाला तेव्हा पैसे नव्हते. म्हणून काकानं पुढचा दांडाच काढून टाकला. तो अजून गोठ्यात आहे, बरीच वर्षं त्याला वासरू बांधायचो. म्हणजे चिखलासाठी जन्मलेली गाडी रस्त्याची गाडी झाली. त्यानंतर पावसाळ्यात ती वावरात रुतली की बैलच लावायला लागायचे, जे १९७९ साली कधीच लागले नव्हते. हा बदल मिस्त्रीनं केला असं दिसतं, पण खरं तर डांबरानं केला. गावात रस्ता कधी आला हे मला कोणी विचारलं तर मी भूमिपूजनाचा दगड दाखवणार नाही, हा क्राऊन-पिनियन दाखवीन. दगड बसवल्यावर रस्ता होतोच असं नाही. पण दाते बदलायला पैसे घालतो तो माणूस रस्ता झाल्यावरच घालतो.

दुसरी भानगड जास्त गंभीर. जीपच्या काट्याची केबल गिअरपेटीच्या मागून निघते, एक्सलमधून नाही. त्यामुळं मागचे दाते बदलले तरी काट्याला ते कळत नाही. काटा ४० दाखवत होता तेव्हा गाडी ५२ नं जात होती. काकाला हे माहीत होतं. पण गाडी दुसरा कोणी चालवायला घेतला की त्याला कोण सांगणार? आणि ब्रेक? ब्रेक तेच, १९६६ चे. नऊ इंची ड्रम, एकच लाइन. इंजिन बदललं, दाते बदलले, माणसं दुप्पट बसवली, आणि थांबायची सोय तीच ठेवली.

१९९१ च्या मार्चमध्ये किनगाव राजाच्या अलीकडं गाडी वळणावर रस्ता सोडून खाली गेली. आत अकरा माणसं होती. काका चालवत नव्हता, ओळखीचा एक पोरगा चालवत होता. देवाच्या कृपेनं कोणी दगावलं नाही. पण एका बाईचा हात कोपरापासून कायमचा वाकडा राहिला. ती आमच्याच गावची, अजून आहे. रस्त्यात भेटली की ती मला चहाला बोलावते आणि मी तिच्या हाताकडं न बघता चहा पितो. पोरगा म्हणत होता, “काटा पंचेचाळीसवर होता हो भाऊ, आईशप्पत.” तो खोटं बोलत नव्हता. पंचेचाळीस म्हणजे खरे एकोणसाठ. त्यानंतर काकानं माणसं बसवणं बंद केलं आणि काट्याच्या काचेवर लाल रंगानं एक रेघ ओढली. ती रेघ अजून आहे. पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, ही रेघ कसली? काचेला डाग पडलाय वाटतं.

म्हणून कायद्याबद्दल बोलताना मी एकतर्फी बोलणार नाही. १९८८ च्या नव्या कायद्यातलं कलम ५२ सन २००० च्या दुरुस्तीनं कडक झालं. कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळली पाहिजे, त्यापेक्षा वेगळा बदल नको. इंधन बदलण्यासाठी मंजूर किट बसवायला मुभा आहे, त्यात गॅस आला, बॅटरी आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार चालणार नाही असं सांगितलं. त्या बाईचा हात आठवला की हा कायदा मला चुकीचा वाटत नाही. उलट वाटतं, की आबा परवानगी काढायला गेले तेव्हा कोणीतरी विचारायला हवं होतं, इंजिन बदलताय ते ठीक, ब्रेकचं काय? आणि गंमत म्हणजे एक्सलच्या दात्यांची नोंद आरसी बुकात तेव्हाही नव्हती, आजही नसते. इंजिनाला नंबर असतो म्हणून ते कागदावर येतं. अपघात ज्यानं घडवला ते कागदावर कधी आलंच नाही.

माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात पाहिजे. चॅसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नको. आणि ती रोजच्या कामाला वापरायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर डिझेल-पेट्रोल भरायला न्यायची.

आता बघा कोण बसतं यात. ज्याच्याकडं गाडी बदलण्याची गरजच पडली नाही तो. संस्थानिकाची मोटार, जी गॅरेजमध्ये कापडाखाली राहिली. आमच्यासारख्याची गाडी, जिनं तीस वर्षं माणसं, ऊस, पोती, भोंगे, बाळंतिणी वाहिल्या आणि त्यासाठी स्वतःचं काळीज बदलून घेतलं, ती वारसा नाही. तिच्यासाठी दुसरा रस्ता: दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीला १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर. नाहीतर भंगार. सरकारी जीपांचं तर एप्रिल २०२३ पासून ठरूनच गेलं, पंधरा वर्षं झाली की नोंदणी रद्द आणि भंगारात. म्हणजे ज्या गाड्यांतून सरकार पहिल्यांदा खेड्यात आलं, त्यातली एकही सरकारच्या आवारात राहणार नाही. एक तरी ठेवायची होती. जिल्ह्याला एक. पंचायत समितीच्या आवारात, झाडाखाली, पाटी लावून.

धुराचं मला कळतं. ही गाडी धूर टाकते, रोज चालवू नये, मी चालवतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ फक्त कारखान्याच्या फाटकातून निघालेलं असा का धरायचा? १९८३ चा सरकारी शिक्का असलेला बदल आज चाळीस वर्षांहून जुना आहे. तो स्वतःच इतिहास झाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत त्या काळच्या कायद्यानं मंजूर झालेला बदल असेल, ब्रेक तपासून ठीक असतील, तर तिला वेगळ्या रकान्यात का होईना, जागा द्या. नियमात एका ओळीची भर पुरे.

पुण्याच्या गृहस्थांना मी नाही म्हणून कळवलं. चुलतभाऊ चार दिवस बोलत नव्हता, आता बोलतो. माणूस वाईट नव्हता, त्यांना गाडीची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. पण त्यांनी ट्रॅक्टरचं इंजिन काढून पेट्रोलचं बसवलं असतं, लाल रेघेची काच बदलली असती, आणि गाडी १९६६ ची दिसली असती. १९६६ साली ती आमची नव्हती.

यंदा फेरनोंदणीला न्यायची आहे. त्याआधी ब्रेकचं सगळं काम करून घेतोय, नवी मास्टर सिलिंडर, नव्या नळ्या. काटा तपासून घ्यायला एक जण मिळाला आहे, तो केबलच्या टोकाचा लहान गिअर बदलून हिशेब जुळवून देतो म्हणतो. रेघ मात्र पुसणार नाही.

आता तुमच्याकडं एक काम. साखर कारखान्याच्या, पंचायत समितीच्या किंवा घरच्या जुन्या जीपचा फोटो, लिलावाची पावती, इंजिन बदलल्याची नोंद असलेलं आरसी बुक कोणाकडं असेल तर फोटो काढून इथं टाका. गाडीचं साल आणि गाव लिहा, इंजिन कोणतं बसवलं ते लिहा. आणि १९८० च्या सुमाराला जालन्यात जीपांचं काम करणाऱ्या मिस्त्री लोकांच्या घरचं कोणी वाचत असेल, तर मला मेसेज करा. त्या शेंदराच्या युक्तीबद्दल अजून विचारायचं आहे.